आखातात जन्मलेल्या बाळाची भारतीय म्हणून नोंद

रत्नागिरी, चिपळूण, खेड, मंडणगड, श्रीवर्धन, सावंतवाडी या पट्ट्यातली कित्येक नातवंडं दुबई, मस्कत, दोहा, कुवेत नाहीतर जेद्दाला जन्मतात. गावी पेढे वाटले जातात आणि कागदांचं 'नंतर बघू' म्हणून मागे पडतं. हे 'नंतर' महागात पडतं. केवळ तिथे जन्म झाला म्हणून आखाती देश कुणाला आपलं नागरिकत्व देत नाहीत. भारताचंही ते अशा बाळाला आपोआप मिळत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ नुसार, ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत (म्हणजे दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये) नोंदवला, तरच ते वंशपरत्वे भारतीय नागरिक ठरतं. आई-वडिलांपैकी एक जण भारतीय असला तरी चालतं, पण नोंद चुकत नाही. दोघंही भारतीय असतील आणि ती नसेल, तर बाळ कुठल्याच देशाचं नसतं.

वर्ष ही झाली कायद्याची मुदत. व्यवहारात वेळ त्याहून कमी असतो, कारण बाळाचा रेसिडेन्स व्हिसा पासपोर्टवर लागतो आणि पासपोर्ट जन्मनोंदणीशिवाय निघत नाही. यूएईत जन्मापासून १२० दिवसांत हा व्हिसा काढावा लागतो, नाहीतर दंड सुरू होतो. गणपतीला किंवा मे महिन्यात बाळाला गावी आणायचं असेल तर तिकिटाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजा. जन्मदाखला, त्यावरचा शिक्का, वकिलातीची अपॉइंटमेंट, पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा, अशी ही साखळी आहे. यातलं एक अडलं की पुढचं सगळं अडतं.

निम्मं काम बाळंतपणाच्या आधी आणि तेही कोकणात करायचं असतं. त्यात पहिला विवाह नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका, देवळातली पावती किंवा नुसता निकाहनामा यावर विसंबू नका. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली निबंधकाने दिलेला दाखला हवा. गावात निबंधकाचं काम ग्रामसेवक पाहतात, शहरात नगर परिषद. अर्ज 'नमुना ड' मध्ये करायचा. नवरा-बायको आणि तीन साक्षीदार यांनी समक्ष हजर राहून सह्या करायच्या असतात, म्हणून हे काम दोघं सुट्टीवर एकत्र असतील तेव्हाच उरका. नवरा परत गेल्यावर सासऱ्यांनी पंचायतीत कितीही खेटे घातले तरी त्याची सही कुणी करू शकत नाही. लग्नाला नव्वद दिवस उलटले असतील तर विलंब शुल्क भरून नोंद होते. दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती मागून घ्या. फॅमिली व्हिसासाठी हाच दाखला आधी प्रमाणित करून घेतला असेल तर तोच पुढे चालतो. प्लास्टिकचं लॅमिनेशन मात्र करू नका, कारण त्यावर कुठलाही शिक्का मारता येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या कागदांना बुरशी धरते, तेव्हा दाखले प्लास्टिकच्या बंद पाकिटात ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे नावं, आणि सर्वांत जास्त अर्ज नावांवरच अडकतात. आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, विवाह दाखला सासरच्या नावाचा आणि तिकडच्या दवाखान्यात तिसरंच नाव, ही नेहमीची कथा. माहेरचं नाव पासपोर्टवर असण्यात बेकायदेशीर काही नाही. नाव बदललंच पाहिजे असंही नाही. पण मग दवाखान्यात नाव नोंदवताना, ओळखपत्रावर, जन्मदाखल्यावर आणि वकिलातीच्या अर्जात पासपोर्टवरचंच नाव अक्षरशः तसंच लिहा. नवऱ्याचं नाव पासपोर्टवर जोडायचं ठरलं तर ते गरोदरपणाच्या सुरुवातीला करा. त्यासाठी पासपोर्ट नव्याने निघतो, नंबर बदलतो आणि जुन्या नंबरावरचे सगळे कागद जुळवत बसावं लागतं. आई-वडील दोघांच्या पासपोर्टची मुदतही तेव्हाच पाहून घ्या.

बाळाचं नाव बारशापर्यंत थांबवून ठेवू नका. बारसं हवं तेव्हा करा, कागदावरचं नाव आधी पक्कं असू द्या. 'अमुक बाईचं बाळ' एवढ्यावर दाखला निघाला तर पुढे नाव घालण्यासाठी वेगळी धावपळ होते. पासपोर्टच्या अर्जात नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. आपल्या पद्धतीप्रमाणे पहिल्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव, दुसऱ्यात आडनाव. आडनावाचा रकाना रिकामा सोडून सगळं नाव पहिल्यातच कोंबण्याची सवय आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. ती मोडा. पासपोर्टवर एकच नाव असेल तर यूएईच्या व्हिजिट व्हिसाला नोव्हेंबर २०२२ पासून अडचण येते.

बाळ जन्मलं की दवाखाना जन्माची सूचना तयार करतो आणि त्यावरून सरकारी जन्मदाखला निघतो. डोळ्यांत तेल घालून काय वाचायचं असेल तर ही सूचना, कारण दुरुस्ती इथे सोपी असते. दाखला छापून झाल्यावर आधी दवाखान्याचं पत्र, मग खात्याची मंजुरी, मग नवा दाखला असा फेरा पडतो. अरबीत 'प' आणि 'च' साठी स्वतंत्र अक्षर नाही, 'ळ' तर नाहीच. त्यामुळे पारकर, चिपळूणकर, पाटील ही नावं अरबीत जाऊन परत इंग्रजीत आली की 'प' चा 'ब' झालेला असतो. पासपोर्ट शेजारी ठेवून वडिलांचं, आईचं, बाळाचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून तपासा. जन्मतारीख आणि लिंगही पाहा. जुळी असतील तर दोघांचे दाखले, अर्ज, फोटो सगळं वेगवेगळं लागतं. एका मुलाची चूक दुसऱ्याच्या कागदावर उतरत नाही ना, हे बघून घ्या.

दाखल्याची भाषा फक्त अरबी असेल तर इंग्रजी प्रत किंवा मान्यताप्राप्त अनुवाद घ्या. मग त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हा शिक्का नसला की वकिलातीच्या खिडकीवरून अर्ज परत येतो.

अर्ज कुठे करायचा हे बाळ कुठल्या भागात जन्मलं त्यावर ठरतं. यूएईत अबू धाबी आणि अल ऐनसाठी अबू धाबीचा दूतावास, दुबई, शारजा, अजमान आणि बाकीच्या उत्तरेकडच्या अमिरातींसाठी दुबईचं कॉन्सुलेट. सौदीत जेद्दा, मक्का, मदिना हा पश्चिम भाग जेद्दाच्या कॉन्सुलेटकडे, दम्माम आणि रियाध दूतावासाकडे. ओमान, कतार, कुवेत, बहारीनमध्ये एकच दूतावास आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. जन्मनोंदणीचा अर्ज म्हणजे नागरिकत्व नियम २००९ मधला 'फॉर्म १'. तो गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर भरून छापायचा. सोबत बाळाचा प्रमाणित जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, विवाह दाखला, तिथला राहण्याचा व्हिसा किंवा ओळखपत्र, प्रत्येकाची मूळ प्रत आणि झेरॉक्स. बाळाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही, असं प्रतिज्ञापत्र आई-वडिलांना द्यावं लागतं. पासपोर्टचा अर्ज वेगळा असतो. तो सहसा जन्मनोंदणीबरोबरच दाखल होतो. त्याला 'ॲनेक्श्चर डी', म्हणजे दोघांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, जोडतात. वडील जहाजावर किंवा दूरच्या साइटवर असतील आणि सही मिळणं शक्यच नसेल तर 'ॲनेक्श्चर सी', म्हणजे एकाच पालकाच्या सहीचं प्रतिज्ञापत्र, लागतं. पण सही वेळेत मिळवता येत असेल तर तीच मिळवा, तपासणी सोपी जाते.

फोटो आणि अंगठा ही कामं दिसतात किरकोळ, पण अर्ज परत येण्याची तीही नेहमीची कारणं. बाळाला पांढऱ्या, सुरकुती नसलेल्या चादरीवर उताणं ठेवा, खिडकीचा उजेड समोरून येऊ द्या आणि वरून सरळ फोटो घ्या. आधाराला धरलेला हात, दुपट्याची कड, कानामागची सावली, कपाळावरची मोठी तीट, काही दिसता कामा नये. डोळे उघडे हवेत, म्हणजे दूध पिऊन जागं असेल ती वेळ. अंगठ्याचं याच्या उलट: बाळ गाढ झोपलं की मूठ सैल होते, तेव्हा घ्या. शाई पॅडवरून थेट न लावता बोटाने पातळ पुसा, नाहीतर ठशाचा नुसता डाग होतो. मुलाचा डावा, मुलीचा उजवा अंगठा, चौकटीच्या आत. आधी कोऱ्या कागदावर दोन ठसे घेऊन बघा.

नोंद झाली की वकिलात जन्मनोंदणीचं प्रमाणपत्र देते. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम २० प्रमाणे ही नोंद भारतातल्या नोंदीसारखीच धरली जाते. गावच्या शाळेत दाखल करताना हेच प्रमाणपत्र दाखवायचं. ग्रामपंचायतीत पुन्हा दुसरी नोंद करायची नाही.

वर्ष उलटून गेलं तर? मग अर्ज वकिलातीच्या हातात राहत नाही, दिल्लीला गृह मंत्रालयाच्या परवानगीला जातो आणि महिनोन् महिने लागू शकतात. उशिराचं कारण लेखी द्यावं लागतं. कारण खरं आणि कागदाने दाखवता येईल असं द्या: दवाखान्याची कागदपत्रं, कंपनीचं पत्र, दुरुस्तीला लागलेला वेळ. ही नोंद अज्ञान मुलाची आहे, म्हणजे अठरा पूर्ण व्हायच्या आत. त्यानंतर हा मार्ग उरत नाही.

एक सल्ला गावोगावी सर्रास दिला जातो: 'जन्म इथेच झाला असं पंचायतीत लिहून घ्या.' हे मुळीच करू नका. जन्माची खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. शिवाय परदेशी दवाखान्याची नोंद आणि विमानतळावरची नोंद त्या दाखल्याशी कधीच जुळत नाही, आणि ते ओझं त्या मुलाच्या माथी आयुष्यभर बसतं. कायमचं परत यायचं असेल आणि वकिलातीत नोंद झालेली नसेल, तर कलम २० मध्येच सरळ वाट आहे: मूल भारतात आल्यापासून साठ दिवसांत इथल्या निबंधकाकडे, जन्म परदेशात झाला हे खरं सांगून, नोंद करता येते. साठ दिवसांनंतर उशिराच्या नोंदीचे नियम लागतात. ही नोंद मात्र जन्माची असते, नागरिकत्वाची नाही. तो प्रश्न वेगळा सोडवावा लागतो, म्हणून बाळ तिकडे असतानाच वकिलातीत जा.

बाळाचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. नवा काढायची वेळ शाळेच्या पहिल्या वर्षांत येते, तेव्हा चेहरा पार बदललेला असतो आणि फोटो, दोघांच्या सह्या पुन्हा लागतात. मुदत संपायच्या काही महिने आधीच अर्ज करा.