सोप्यातला उजेड आधी बदला

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बसायच्या खोलीत, संध्याकाळी कुणी टेकायचंच नाही. फर्निचरला हात लावण्याआधी मी उजेड बदलला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. छताची ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरी ट्यूब झाडलोटीपुरती ठेवा. बसायच्या कोपऱ्यात २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब लावा, तोही शेडमध्ये आणि खाली. उघडा बल्ब डोळ्यांत खुपतो. खुर्च्या टीव्हीकडे नकोत, एकमेकींकडे तोंड करून मांडा. लाकडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, नाहीतर आपल्याकडच्या पावसात मागे बुरशी धरते.

आईचा पाट मात्र मी दाराजवळून हलवला नाही. तिथं बसून ती शेंगा सोलते आणि येणारा प्रत्येकजण आधी तिच्याशी बोलतो.