कुत्रा सतत पायात घुटमळतो? या चुका टाळा

"बाथरूमपर्यंत मागे येतो हो, काय करू?" हा फोन इतक्यांदा येतो की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "यूट्यूबवर सांगितलं तसं दुर्लक्ष करून पाहिलं, काही फरक नाही." कधीपासून, असं विचारलं की उत्तर येतं, परवापासून.

मागे-मागे फिरणं हा मुळात आजार नाही. तुम्ही उठलात म्हणजे खाऊ, फिरणं, नाहीतर काहीतरी गंमत, एवढं त्याला कळतं. बघायचं असतं ते तुम्ही घरात नसताना तो काय करतो, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. जुना मोबाईल टीव्हीशेजारी टेकवा, रेकॉर्डिंग लावा आणि कोपऱ्यावर चहा पिऊन या. अर्धा तास पुरतो. खरा त्रास असेल तर बहुधा तेवढ्यातच दिसतो. दाराशी थोडं बसून मग पसरला, तर तो नुसता लाडोबा आहे. धापा टाकतोय, लाळ गाळतोय, दार खरवडतोय, एरवी बाहेर जाणारा घरात शू करतोय, तर तो घाबरलाय. घाबरलेल्याला शिस्त लावता येत नाही.

कोंडून 'सवय' लावणं

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते या चुकीवर. पुण्यातल्या एका घरी २०२०च्या टाळेबंदीत बीगलचं पिल्लू आणलं होतं. घरात चौघं, चोवीस तास. तिला एकटं राहणं ठाऊकच नव्हतं. ऑफिसं, कॉलेज सुरू झाल्यावर ती भुंकायला लागली, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी आल्या. मग कोणीतरी जाणकाराने सल्ला दिला: रोज दोन तास बाथरूममध्ये कोंडा, आठवड्यात सुतासारखी सरळ होईल.

मी गेले तेव्हा दाराचा खालचा भाग सोललेला होता आणि तिच्या पुढच्या पायाची दोन नखं तुटलेली. आधी ती फक्त भुंकायची. आता कोणी किल्ल्या उचलल्या तरी थरथरायची, आणि बाथरूमकडच्या पॅसेजमध्ये पाऊल टाकत नव्हती. म्हणजे एक भीती घालवायला दुसरी पेरली.

तिथून परत येणं कंटाळवाणं असतं. किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर बसायचं. बूट घालून भाजी निवडायची. त्या आवाजांना अर्थ उरला नाही की दाराबाहेर जायचं, पण काही सेकंदच, आणि ती कासावीस व्हायच्या आत परत यायचं. मग जिन्यापर्यंत. या काळात तिला झेपतं त्यापेक्षा जास्त एकटं ठेवायचं नाही. आजी, शेजारच्या काकू, डे-केअर, जे जमेल ते. तिच्या पशुवैद्यांनी सोबत फ्लुओक्सेटिन हे चिंता कमी करणारं औषध सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि घरातल्या माणसाच्या गोळ्या अंदाजाने द्यायच्या नसतात. "ताई, अजून किती दिवस?" असं घरचे दर भेटीत विचारायचे. दिवस नाही हो, महिने. घाई झाली की मागच्या पायरीवर यावं लागतं, आणि घाई सगळ्यांनाच असते.

ऑनलाईन मागवलेल्या पिंजऱ्यालाही हेच लागू. घाबरलेला कुत्रा सळ्या चावून दात मोडून घेतो.

अचानक चिकटू लागलेल्या कुत्र्याचे लाड करणं

दहा वर्षांचा, आयुष्यभर आपल्या कोपऱ्यात झोपणारा लॅब्रॅडॉर एकाएकी तुमची पाठ सोडेना, तर "म्हातारपणी माया वाढली" म्हणून फोटो टाकत बसू नका. सांधे दुखत असतील, दिसायला किंवा ऐकायला कमी झालं असेल, मेंदू थकत असेल. आधी दवाखाना.

आज मांडीवर, उद्या 'हाड्'

लाडोबांना घरचेच बिघडवतात. पंजा मारला की कधी कुरवाळायचं, कधी ओरडायचं. कधीतरी मिळतं, म्हणून तो प्रयत्न सोडत नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक जुनी सतरंजी आहे आणि गाऊनच्या खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. कुत्रा आपणहून सतरंजीवर बसला की एक तुकडा तिथेच पडतो. पायात आला तर काहीच नाही, ओरडासुद्धा नाही. कांदा चिरताना तर हे हवंच, कारण खाली पडलेला कांदा त्याच्यासाठी विष आहे.

घरी येऊन रागावणं

तुम्ही नसताना त्याने केलेली नासधूस बघून ओरडलात, की म्हणता, "त्याला कळतं, बघा कसा तोंड पाडतो!" तो तुमच्या आवाजाला तोंड पाडतो. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९च्या प्रयोगात ज्यांनी काहीच केलं नव्हतं असे कुत्रेही मालक रागावल्यावर तसाच अपराधी चेहरा करत होते.

फटाक्यांच्या वेळी दूर लोटणं

जवळ घेतल्याने भीती वाढते, ही भाकडकथा आहे. येऊ दे कुशीत.

सोबतीला दुसरा कुत्रा आणणं

त्याला कुत्रा नको असतो, तुम्ही हवे असता. वर दुसरा पहिल्याचं बघून भुंकायला शिकला, तर दोघांच्या तक्रारी येतात.

पिल्लासाठी मोठी सुट्टी काढणं

सुट्टी काढा, पण रजाभर त्याला कडेवर घेऊन फिरायचं आणि सोमवारी थेट नऊ तास गायब व्हायचं, हे नको. पहिल्या आठवड्यापासून ते पेंगत असताना उठून दुसऱ्या खोलीत जा, रडायच्या आत परत या. आणि दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त शू धरू शकत नाही, तेव्हा ऑफिस सुरू झाल्यावर दुपारी कोण येणार हे पिल्लू आणण्याआधीच ठरवा.