‘कुठे उतरणार?’च्या पुढचं एक वाक्य

मुंबईच्या लोकलमध्ये सीटसाठी आपण अनोळखी माणसाला ‘कुठे उतरणार?’ विचारतोच. त्याला आणखी एक वाक्य जोडून बघा. ‘रोज हीच गाडी का?’ एवढंही पुरतं. आडनाव, पगार, लग्न झालं का, हे मात्र नको. ती उलटतपासणी होते (आणि आपल्याकडे ती फार लवकर सुरू होते).

समोरच्याला आवडणार नाही, ही भीती बरेचदा फोल निघते. निकोलस एपली आणि जुलियाना श्रोडर यांचा शिकागोच्या प्रवाशांवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनोळखी शेजाऱ्याशी बोललेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त आनंदात गेला. नुसता अंदाज विचारला, तेव्हा मात्र लोकांनी उलटंच सांगितलं होतं.

शिवाय रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे, कुठल्या स्टेशनजवळ भाड्याने खोली मिळेल, कोणत्या कंपनीत भरती चालू आहे, हे अशा गप्पांतच कळतं. घरच्यांना बहुधा आपल्याइतकंच माहीत असतं.

कानात इयरफोन, मिटलेले डोळे किंवा एका शब्दात उत्तर दिसलं, की विषय सोडा. आणि गप्पा कितीही रंगल्या तरी पहिल्या भेटीत घरचा पत्ता देऊ नका.