ॲलेक गिनेस बघायचा तर सुरुवात कुठून करायची

बऱ्याच जणांना ॲलेक गिनेस म्हणजे स्टार वॉर्समधला ओबी-वान, पांढरी दाढी आणि तपकिरी झगा, एवढंच माहिती असतं. मग कुठेतरी वाचनात येतं की हा ब्रिटनच्या सगळ्यात मोठ्या नटांपैकी एक, १९५९ ला सर झालेला वगैरे, आणि आपण त्याचे पिक्चर शोधायला बसतो आणि यादी बघूनच दमतो, कारण त्यात कॉमेडी आहे, युद्ध आहे, चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्या आहेत, अरब राजपुत्र आहे, इंग्लंडचा राजा आहे, हिटलरसुद्धा आहे. सालाप्रमाणे बघत गेलात तर मधेच सुटणार, त्यामुळे मी सगळ्यांना एकच पद्धत सांगतो, गिनेस जोडीने बघा. दोन पिक्चर घ्यायचे आणि आठवड्याभराच्या आत दोन्ही बघायचे. एकच बघितला तर हा माणूस सापडतच नाही, नुसता रोल दिसतो, दुसरा बघितला की पहिल्यात त्याने काय काय करून ठेवलं होतं ते कळायला लागतं.

बघताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. तो चालतो कसा, हातांचं काय करतो, आणि समोरचा बोलत असताना याचा चेहरा कसा असतो. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. सबटायटल जरूर लावा पण सगळा वेळ खालीच वाचत बसू नका, आणि जुने ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर शक्यतो मोबाइलवर बघू नका, त्याच्या डोळ्यांत जे चालतं ते तेवढ्याशा स्क्रीनवर हरवूनच जातं.

पहिली जोडी म्हणजे दिग्दर्शक डेव्हिड लीनने डिकन्सच्या कादंबऱ्यांवर काढलेले दोन पिक्चर. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स १९४६ चा, त्यात तो हिरोचा मित्र हर्बर्ट पॉकेट, उमदा, हसरा, मनाने स्वच्छ पोरगा. आणि दोनच वर्षांनी ऑलिव्हर ट्विस्टमध्ये तोच माणूस फेगिन, मुलांना चोऱ्या करायला शिकवणारा म्हातारा, तेव्हा गिनेस जेमतेम तिशी ओलांडलेला होता हे लक्षात ठेवून बघा. लीनला आधी हे पटत नव्हतं, मेकअप करून समोर येऊन उभा राहिला तेव्हा पटलं. मात्र ते मोठं नाक आणि एकूण अवतार ज्यू लोकांची खिल्ली उडवणारा आहे हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला, अमेरिकेत पिक्चर १९५१ पर्यंत लागला नाही आणि लागला तोही कापून. तो आक्षेप मला बरोबर वाटतो. अभिनय थक्क करणारा आहे आणि ते नाक बघताना त्रासही होतो, दोन्ही खरं आहे.

त्यानंतर लंडनच्या ईलिंग स्टुडिओच्या कॉमेडी, आणि इथे घाई करू नका. काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स, १९४९. घराण्याने झिडकारलेल्या बाईचा मुलगा ड्यूक व्हायचं म्हणून मधले वारस एकेक करून संपवतो, आणि ते सगळे वारस म्हणजे गिनेस. त्याला आधी चारच रोल देऊ केले होते, त्याने आठ मागून घेतले, त्यात एक लेडी ॲगाथा पण आहे. आता बघायचं कसं, तर पहिल्यांदा नुसती गोष्ट बघा, मजा घ्या, हसा. दुसऱ्यांदा चर्चमधल्या अंत्यविधीच्या सीनला थांबवा, एका फ्रेममध्ये सहा गिनेस बसलेले दिसतील. कॉम्प्युटर वगैरे काही नाही, कॅमेरा एका जागी पक्का बांधायचा, फ्रेमचा एकच तुकडा उघडा ठेवून बाकीचा झाकायचा, शूट करायचं, फिल्म मागे घ्यायची, याचा मेकअप बदलायचा आणि परत. कॅमेरा केसभर हलला असता तरी सगळं वाया गेलं असतं. प्रत्येकाची मान बघा, बसण्याची तऱ्हा बघा, कुणाचं चर्चमध्ये लक्ष आहे आणि कुणाचं नाही ते बघा.

याची जोडी द लेडीकिलर्स, १९५५. एका भोळ्या आजीच्या घरात भाड्याने राहायला आलेला दरोडेखोरांचा म्होरक्या, प्रोफेसर मार्कस, पुढे आलेले दात, विस्कटलेले केस आणि अंगावर काटा आणणारं गोड बोलणं. सोबत तरुण पीटर सेलर्स आहे. पण मला विचाराल तर गिनेसची खरी गंमत तो आणि केटी जॉन्सन म्हणजे ती आजी एकत्र असतात तेव्हा, कारण एवढा मोठा नट असून तो सीन तिच्या हातात देऊन मोकळा होतो. वेळ असेल तर मधे १९५१ चे दोन टाका. द लॅव्हेंडर हिल मॉबमध्ये तो बँकेचं सोनं सांभाळणारा कारकून, सोनं वितळवून आयफेल टॉवरच्या खेळण्यांतून बाहेर काढायचा बेत करतो, सुरुवातीला ऑड्री हेपबर्न क्षणभर दिसते, डोळा लवला की गेली. दुसरा द मॅन इन द व्हाइट सूट, कधीच न मळणारं न फाटणारं कापड शोधणारा माणूस आणि मग मिलमालक आणि कामगार दोघंही त्याच्या मागे लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाची जोडी, यासाठी दोन निवांत संध्याकाळी काढा. द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय, १९५७, ज्याच्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. गोष्ट दुसऱ्या महायुद्धात बर्मा रेल्वेवर असलेल्या जपान्यांच्या युद्धकैद्यांच्या छावणीची, शूटिंग मात्र श्रीलंकेत झालं. कैद्यांचा ब्रिटिश कर्नल निकल्सन, म्हणजे गिनेस, म्हणतो माझे अधिकारी मजुरी करणार नाहीत, म्हणून त्याला उन्हात पत्र्याच्या पेटीसारख्या कोठडीत डांबतात. तिथून त्याला बाहेर काढून जपानी कमांडरकडे नेतात ती चाल बघा, अंगात त्राण नाही, पाय कुठेही पडतायत आणि तरी पाठ ताठ ठेवायची धडपड चाललीय. गिनेसचा मुलगा लहानपणी पोलिओतून बरा होत असताना जसा चालायचा तशी ती चाल त्याने उचलली होती. हे माहिती झाल्यापासून मला तो सीन सहज बघवत नाही, पण तुम्ही बघाच, आवाज बंद करून एकदा बघा. दिग्दर्शक परत लीनच, शूटिंगमध्ये त्याच्याशी गिनेसचे खटके उडत होते, लीनच्या मनातला कर्नल वेगळा होता, आणि मला वाटतं त्या ओढाताणीमुळेच हा माणूस धड शूरही वाटत नाही आणि धड वेडाही.

लगेच त्याच आठवड्यात ट्यून्स ऑफ ग्लोरी बघा, १९६०. परत लष्करी अधिकारीच, पण हा स्कॉटिश जॉक सिंक्लेअर, लाल केस, दारू, मोठा आवाज, शिपायांमधून वर आलेला आणि नव्या कर्नलचा, म्हणजे जॉन मिल्सचा, मनापासून द्वेष करणारा. निकल्सन सगळं आत दाबतो, हा सगळं बाहेर फेकतो. लोक क्वायचं नाव घेतात आणि हा विसरतात, ते मला अजिबात पटत नाही, माझ्या मते हे त्याचं सगळ्यात मोठं काम आहे.

म्हातारपणाची जोडी म्हणजे स्टार वॉर्स आणि बीबीसीची टिंकर टेलर सोल्जर स्पाय. हो, दुसरी टीव्ही मालिका आहे, १९७९ ची, सात भागांची, पण ती सोडून गिनेस पूर्ण होत नाही. स्टार वॉर्समध्ये ल्यूक जेव्हा ओबी-वान हे नाव घेतो तो क्षण पकडा, म्हातारा लगेच उत्तर देत नाही, आधी ते नाव ऐकतो, आत कुठेतरी लांब जाऊन येतो, मग बोलतो. ऑस्करचं नॉमिनेशन अशाच जागांसाठी मिळालं असं मला वाटतं. आणि मग टिंकर टेलर, ब्रिटिश हेरखात्यातल्या फितुराच्या शोधाची गोष्ट, त्यातला जुना हेर स्मायली, जो जवळपास सगळा वेळ नुसता ऐकतच असतो, चष्मा पुसतो, परत ऐकतो. पहिल्या दोन भागांत गोंधळायला होईल, कोण कोणाचा माणूस ते कळणार नाही, थांबू नका, स्मायलीच्या चेहऱ्याकडे बघत राहा, कुठे खोटं बोललं जातंय ते तिथे कळतं. एका रात्री एकच भाग.

आपल्या लोकांसाठी अ पॅसेज टू इंडिया, १९८४, मुद्दाम शेवटी ठेवलाय. त्यात तो प्रोफेसर गोडबोले आहे, मूळ कादंबरीतच दख्खनचा ब्राह्मण, आडनाव तर आपल्या कोकणस्थांमधलं. गोऱ्या नटाने रंग लावून गोडबोले करावा हे चूकच, त्याच पिक्चरमध्ये व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ आहेत, म्हणजे नट मिळत नव्हते असं अजिबात नाही. गोडबोल्याचा नाचगाण्याचा भाग एडिटिंगमध्ये उडाला, गिनेसला ते लागलं. याआधीचे सगळे बघून झाले असतील तरच हा बघा, म्हणजे त्याची पद्धत कुठे थिटी पडते ते नीट दिसेल. एवढं बारीक निरीक्षण करणारा माणूस इथे नुसता बाहेरून वेश चढवल्यासारखा वाटतो.

यानंतरही भूक असेल तर १९८७ चा लिटल डॉरिट, दोन भाग मिळून सहा तासांच्या जवळपास, त्यात तो कर्जापायी वर्षानुवर्षं तुरुंगात राहिलेला बाप. एका बैठकीत नको, दोन रविवार ठेवा, आणि दुसऱ्या भागात त्याला मेजवानीत बोलायला उभं करतात तिथे फोन बाजूला ठेवा.