खोलीसाठी रंग निवडताना: शेड कार्डाआधी काय पाहायचं

दसरा जवळ आला की रंगाच्या दुकानांत गर्दी होते. काउंटरवर शेड कार्ड उघडतं, घरातल्या चौघांची चार मतं पडतात आणि शेवटी "हा बरा वाटतोय" म्हणत कुणीतरी एका चौकोनावर बोट ठेवतं. पुढची पाच-सात वर्षं मग त्या रंगासोबत काढायची असतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: रंग दुकानात ठरवू नका, ज्या खोलीला द्यायचा त्या खोलीत ठरवा. खिडकीतून येणारा उजेड, पायाखालची फरशी आणि रात्रीचा दिवा हे तिघं मिळून डब्यातल्या रंगाचं भिंतीवर काय होणार ते ठरवतात. हे तिन्ही दुकानात नसतात.

पहिली पायरी: खोलीचा उजेड ओळखा

सुट्टीच्या दिवशी दिवे बंद ठेवून सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास खोलीत पाच मिनिटं बसा. कोणत्या भिंतीवर थेट ऊन येतं, कोणती भिंत दिवसभर अंधारी राहते, ते कागदावर लिहून ठेवा.

उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. तिथला उजेड आकाशाचा असतो, शांत आणि किंचित निळसर. अशा खोलीत राखाडी किंवा फिका निळा रंग थंड, कधी कधी उदास वाटतो; मोतिया, बदामी, फिका अबोली असे उबदार रंग तिथे चांगले खुलतात. पूर्वेच्या खोलीला सकाळी सोनेरी ऊन मिळतं, दुपारनंतर ती निवते. पश्चिमेच्या खोलीचा प्रश्न सगळ्यात अवघड. दुपारी तीननंतरचं ऊन पिवळ्या, केशरी रंगांना इतकं भडकवतं की एप्रिल-मे महिन्यांत तिथे बसवत नाही. तिथे पिस्ता, फिका शेवाळी किंवा निळसर पांढरा घ्यावा. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन पार आतपर्यंत येतं, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच असतो, त्यामुळे त्या दिवसांत याच खिडकीत सावली असते. म्हणजे पावसाळ्यात निवडलेला रंग डिसेंबरमध्ये वेगळा दिसणार, हे धरूनच चाला.

शहरात दिशेइतकंच महत्त्व समोर काय आहे याला. ठाण्या-डोंबिवलीत किंवा पुण्याच्या सोसायट्यांमध्ये समोरची इमारत वीस-तीस फुटांवर असते. ती विटकरी रंगाची असेल तर तुमच्या खोलीत येणारा उजेड आधीच तांबूस झालेला असतो. खिडकीबाहेर आंब्याचं किंवा बदामाचं झाड असेल तर भिंतींवर हिरवट छटा उतरते आणि मग फिका गुलाबी रंग मळका वाटू लागतो. खिडकीची मच्छरजाळीही थोडा उजेड अडवते.

अंधाऱ्या खोलीबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: शुभ्र पांढरा दिला की खोली उजळते. पांढरा रंग उजेड परतवतो खरा, पण परतवायला आधी उजेड आत यावा लागतो. डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या अरुंद मोकळ्या जागेकडे, उघडणाऱ्या खोलीत शुभ्र पांढऱ्या भिंती दिवसा करड्या दिसतात. तिथे छत पांढरं ठेवावं आणि भिंतींना पिवळसर झाक असलेला पांढरा द्यावा. रंग कंपन्यांच्या वेबसाइटवर बहुतेक शेडचा 'एलआरव्ही' दिलेला असतो. तो ० ते १०० मध्ये असतो आणि रंग किती उजेड परतवतो ते सांगतो. अंधाऱ्या खोलीसाठी ७०च्या पुढची शेड पाहावी, लख्ख उजेडाच्या खोलीत ५०च्या आसपासची शेडही सुखाची वाटते.

दुसरी पायरी: दिवे आधी ठरवा

आपल्या घरांतली बरीचशी एलईडी ट्यूब ६५०० केल्विनची असते (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, जितका लहान तितका पिवळसर). पाकिटावर 'कूल डे लाइट' असं लिहिलेलं असतं. तिच्या निळसर पांढऱ्या उजेडात दुकानातला उबदार बदामी रंग रात्री फिकट आणि निस्तेज होतो. ३००० केल्विनच्या वॉर्म व्हाइट दिव्याखाली तोच रंग गव्हाळ होतो आणि राखाडी रंग तपकिरीकडे झुकतो. नोकरी करणारी माणसं आपली खोली जास्त करून रात्रीच पाहतात, त्यामुळे दिवे बदलायचे असतील तर ते रंग निवडण्याआधी बदला. बेडरूमला ३०००, हॉल आणि अभ्यासाच्या खोलीला ४००० केल्विन, ही माझी आवड. पाकिटावर सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, लिहिलेला असेल तर ८० किंवा त्याहून जास्त असलेला दिवा घ्या. त्याखाली रंग खरे दिसतात.

तिसरी पायरी: जे बदलणार नाही त्याच्याशी जुळवा

पडदे बदलता येतात. फरशी, दरवाजाची चौकट, कपाटाचा सनमायका आणि स्वयंपाकघराचा ओटा सहसा बदलत नाहीत. कोटा फरशीला हिरवट-राखाडी झाक असते, तिच्यावर गुलाबीसर पांढरा विजोड दिसतो. आयव्हरी टाइल्सवर निळसर पांढरा रंग दिला की टाइल्स जुन्या, पिवळ्या पडल्यासारख्या वाटतात. जुन्या घरातली लाल कोबा फरशी उन्हात भिंतीच्या खालच्या भागावर तांबूस उजेड फेकते, तिथे मोतिया रंग सुरेख दिसतो. माळ्यावर टाइलचा उरलेला तुकडा पडलेला असेल तर तो दुकानात सोबत न्या. मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका, कॅमेरा रंग स्वतःच्या हिशेबाने बदलतो.

घरात वास्तू पाळत असतील तर ते आत्ताच विचारून घ्या. त्यातले रंग बाजूला काढा आणि त्याच घराण्यातली फिकी-गडद शेड खोलीच्या उजेडाप्रमाणे निवडा.

चौथी पायरी: झाक ओळखा

शेड कार्डावर पांढरेच वीस-पंचवीस असतात आणि एकेकटे पाहिले तर सगळे सारखे वाटतात. कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदाला लावून धरा. मग एक हिरवट दिसेल, दुसरा गुलाबी, तिसरा पिवळा. आणखी एक खात्रीची युक्ती: त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद शेड पाहा. फिक्या शेडमध्ये लपलेला रंग तिथे उघड असतो. चारही भिंतींना तो रंग लागला की भिंती एकमेकींवर तोच रंग परतवतात आणि ती लपलेली झाक वर येते. म्हणून कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी आणि थोडी मळकट शेड घेतली की ती भिंतीवर बहुधा हवी तशी दिसते.

पाचवी पायरी: घरी तपासा

ही पायरी कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. तीनच शेड निवडा. शक्य तितक्या छोट्या मापात तो रंग बनवून घ्या. प्रत्येकासाठी एक मोठी पांढरी कार्डशीट घ्या, कडेला दोन इंच पांढरी जागा सोडून दोन हात द्या, एक दिवस वाळू द्या. ओला रंग पाहून मत बनवू नका, वाळल्यावर तो बदलतो.

थेट भिंतीवर पट्टे मारण्यापेक्षा हे बरं, कारण जुन्या रंगाच्या शेजारी नवा रंग फसवा दिसतो. त्या पांढऱ्या कडेमुळे डोळा फसत नाही. शिवाय शीट हलवता येते: खिडकीच्या समोरची भिंत, खिडकीच्या बाजूची भिंत, कपाटाशेजारी, फरशीलगत. दोन-तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूब लावून पाहा. घरच्या सगळ्यांना वेगवेगळं विचारा.

आजी-आजोबांच्या खोलीचा रंग त्यांनाच निवडू द्या, आणि एक गोष्ट आपण बघा. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, फिक्या निळ्या-जांभळ्या छटांमधला फरक त्यांना कमी कळतो. भिंत, चौकट आणि स्विचबोर्ड एकाच पांढऱ्यात विरले तर रात्री उठल्यावर बटण सापडत नाही. भिंत जरा रंगीत ठेवली की बोर्ड आणि चौकट लगेच नजरेत येतात.

एकाच भिंतीला गडद रंग द्यायचा असेल तर बेडरूममध्ये तो पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीला द्या. खोलीत शिरताना दिसतो आणि पडल्या पडल्या डोळ्यांवर येत नाही. खिडकी असलेल्या भिंतीला मात्र गडद रंग देऊ नये. मागून येणाऱ्या उजेडात ती काळी पडते.

चकाकी ठरवा, मगच डबा घ्या

मॅट रंग भिंतीचे उंचसखल भाग झाकतो. चकाकीचा रंग पुसायला सोपा, पण त्यात पुट्टीचा प्रत्येक ओरखडा दिसतो. आपल्याकडे ट्यूब भिंतीवरच लावलेली असते, तिचा उजेड भिंतीवरून घसरत खाली येतो आणि सगळे खड्डे दाखवतो. हॉल, बेडरूमला मॅट किंवा हलकी चकाकी पुरे. लहान मुलांच्या खोलीला धुता येणारा घ्या. भिंतीला ओल असेल, पोपडे सुटत असतील, तर आधी गळती शोधा. कितीही महाग रंग त्यावर टिकणार नाही.

दहा बाय बारा फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली धरा. चार भिंती मिळून ४१८ चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की ३७५च्या आसपास उरतं. एका लिटरमध्ये दोन हात किती जागेवर बसतात ते कंपनीच्या माहितीत दिलेलं असतं. १२० चौरस फूट धरले तर तीन लिटरहून थोडा जास्त रंग लागेल, म्हणजे चार लिटरचा डबा. जास्त डबे लागणार असतील तर एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या आणि रंगाऱ्याला ते मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा, नाहीतर भिंतीच्या मध्यावर फरक दिसतो. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर 'जुळवून' घेऊ नका, फरक राहतोच.

झाकणावरच्या चिकटपट्टीवर शेडचा कोड, बेस (ज्यात छटा मिसळतात तो मूळ रंग) आणि तारीख असते. तिचा फोटो काढा, शिवाय कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. उरलेला रंग लहान डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा. खिळ्याची भोकं बुजवायला, सोफ्याच्या घासण्याने पडलेला डाग झाकायला तोच लागतो.