साठीनंतर प्रथिनं तिन्ही वेळच्या जेवणात वाटून घ्या
वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू पूर्वीइतके बांधले जात नाहीत. म्हणून निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलो वजन असेल तर ६० ते ७२ ग्रॅम. खरी गफलत होते ती सकाळी. नुसता चहा-बिस्किटांवर नाश्ता उरकतो आणि सगळी भिस्त रात्रीच्या जेवणावर राहते. त्यापेक्षा प्रत्येक वेळी २०-२५ ग्रॅम पोटात जाऊ द्या. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, म्हणजे एकट्या अंड्यावर भागत नाही. जोडीला दूध, दही किंवा डाळ हवीच. चावायला त्रास होत असेल तर मऊ शिजवा, पण टाळू नका. सोबत खुर्चीतून उठबस करण्यासारखा व्यायामही हवा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.