मोंटे कार्लो रॅली पहिल्यांदा बघायला जाताय? चटई घ्या

व्हिसा, विमान, विमा हे तुम्ही कराल. फ्रान्सचा शेंगेन व्हिसा मोनॅकोला चालतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, संपला विषय. मी लिहायला बसलोय ते चटईबद्दल. गिर्यारोहक झोपताना खाली अंथरतात ती फोमची, गुंडाळी होणारी, वजनाला काहीच नसलेली चटई. ती घ्या. का, ते पुढे येईलच.

आधी मुक्काम. नाव मोंटे कार्लो म्हणून मोनॅकोत हॉटेल घेऊन बसू नका. ही मोटारींची रॅली १९११ पासून त्या नावाने चालते, पण अलीकडे बहुतेक स्टेजेस (रस्ता बंद करून एकेक गाडी घड्याळाविरुद्ध पळवतात ते टप्पे) वर फ्रेंच आल्प्समध्ये, गाप गावाच्या आसपास असतात आणि सर्व्हिस पार्क, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीचा तळही तिथेच. नीसहून गाप गाडीने साधारण तीन तास. कोल द त्युरिनी हा १,६०७ मीटरवरचा प्रसिद्ध घाट मात्र नीसच्या डोक्यावर आहे, आणि तो बहुधा शेवटच्या दिवशी, रविवारी येतो. गापला राहून पहाटे त्युरिनी गाठू वगैरे बेत कागदावर छान दिसतात. तीन रात्री गाप, शनिवारी रात्री खाली नीसच्या बाजूला, असं करा. मार्ग दरवर्षी बदलतो, त्यामुळे आयोजक क्लबाने या वर्षीचा नकाशा आणि वेळापत्रक जाहीर केल्याशिवाय पैसे परत न मिळणारं काहीही बुक करू नका.

गाडी. इथे घाई नको. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात फ्रान्सच्या डोंगराळ भागात हिवाळी टायर तरी लावलेले हवेत, नाहीतर बर्फात चाकांवर चढवायच्या चेन गाडीत हव्यात, असा कायदा आहे. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं, ते डोळ्यांनी बघून घ्या. नीस म्हणजे समुद्रकिनारा. तिथल्या विमानतळावर भाड्याने मिळणारी गाडी उन्हाळी टायरवर असू शकते, म्हणून बुकिंग करतानाच लेखी मागा. चेन घेतलीत तर ती पार्किंगच्या जागेत, उजेडात, कोरड्यात एकदा चढवून बघा. बर्फात, गारठलेल्या बोटांनी, मागे सात गाड्या हॉर्न वाजवत असताना पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे.

आता स्टेजवर पोचणं. रस्ता पहिल्या गाडीच्या कितीतरी तास आधी बंद होतो. त्याआधी पार्किंग, मग चढ चालत. परवा-तेरवा दोन-तीन किलोमीटर चाललो होतो तेव्हा काही वाटलं नाही, असं म्हणू नका. बर्फावर तेच अंतर दुप्पट होतं. गाडी नाक खाली करून, निघायच्या दिशेने लावा. आणि डिकी बंद करण्याआधी चटई पाठपिशवीला बांधली का ते बघा. माझी डिकीतच राहिली होती. विसरलो असंही धड म्हणता येत नाही. हातात घेतली, “उगाच कशाला ओझं” म्हणालो आणि परत ठेवली.

त्याचं काय झालं ते सांगतो. बूट चांगले होते, लोकरीचे मोजे दोन होते, वरून कपडे इतके की हात खाली येत नव्हते. पहिला तास मजेत. दुसऱ्या तासाला अंगठे गेले. तिसऱ्या तासाला गुडघ्याखाली लाकूड. वारा नव्हता, थंडी खालून येत होती. चालताना पाय तापतात, पण एका जागी बर्फावर उभं राहिलं की तळव्यातली ऊब नुसती जमिनीत झिरपत राहते. शेजारी एक आजोबा केळ्यांचं खोकं फाडून त्या पुठ्ठ्यावर उभे, शांतपणे कॉफी पीत. त्यांनी माझ्या उड्या बराच वेळ बघितल्या, मग न बोलता अर्धा पुठ्ठा फाडून माझ्या पायाशी टाकला. तोवर उशीर झाला होता. पहिल्या चार-पाच गाड्या, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढ्या लांब आलो त्या, मी झाडामागे बूट काढून तळवे चोळत असताना फक्त ऐकल्या. डिकीपर्यंत जाणार कसं? रस्ता बंद. चटई तीन किलोमीटर खाली, मस्त कोरडी.

म्हणून चटई. दोघं असाल तर दोन.

जागा निवडताना रस्त्यापेक्षा उंचावर, वळणाच्या आतल्या बाजूला, आणि मागे पळायला वाट असेल अशी. हिरव्या फितीच्या आत प्रेक्षक, लाल फीत म्हणजे नाही. यात फोटोसाठी सूट वगैरे नसते. मार्शलने, म्हणजे रस्त्यावरच्या सुरक्षा स्वयंसेवकाने हटकलं की हटायचं. ऐकलं नाही तर स्टेजच रद्द होऊ शकते, आणि मग सगळा डोंगर तुमच्याकडे बघतो. रस्त्यावर बर्फ ढकलणारे महाभाग त्युरिनीवर पूर्वी होऊन गेलेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. या रॅलीची गंमतच मुळी ही की खाली रस्ता कोरडा असतो, मध्ये ओला आणि एका सावलीच्या वळणावर काचेसारखा बर्फ. संघांची माणसं स्पर्धेआधी त्या रस्त्यावरून जाऊन बर्फाच्या नोंदी आणतात, त्यावर टायर ठरतात. तुम्ही फेकलेला बर्फ त्या नोंदींत नसतो.

गुरुवारच्या स्टेजेस बहुधा अंधारात असतात. डोक्याला लावायची बॅटरी घ्या, पण गाडी येताना ती जमिनीकडे वळवा. फ्लॅश बंद. फोन आतल्या खिशात, थंडीत चार्ज भराभर उतरतो. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, गाड्या सुटायचा क्रम कागदावर छापून न्या. थर्मास, खाणं, कचऱ्याला पिशवी. शौचालय खालीच उरकून या.

आधी शून्य क्रमांकाच्या, म्हणजे रस्ता तपासणाऱ्या आयोजकांच्या गाड्या जातात, त्यांना टाळ्या वाजवून दमू नका. मोठी नावं गेली की लोक उतरायला लागतात. तुम्ही लागू नका. मागून अजून गाड्या येत असतात आणि स्टेज संपल्याचं सांगणारी आयोजकांची शेवटची गाडी जाईपर्यंत रस्ता स्पर्धेचाच असतो. नंतर तासभर कोंडी. कोरडे मोजे गाडीत ठेवा.

मोजे गाडीत. चटई नाही.